मोहाखालची कळशी

मी गॅरेजवाला माणूस. जव्हारला बावीस वर्षं इंजिनं उघडतोय. ह्या ग्रुपवर लोक पिंपळाखालच्या बाईचे, मागे बघू नकोस म्हणणाऱ्या आवाजांचे अनुभव लिहितात. ते मी चहा पिताना वाचतो आणि हसतो, खोटं कशाला सांगू. माझ्या धंद्यात इंजिन तापलं तर त्याला कारण असतं, आणि पाणी कमी झालं तर ते कुठेतरी सांडलेलं असतं. खाली वाकून बघायचं, जमीन ओली दिसते. तरीही मी हे लिहायला बसलोय, कारण... वाचा म्हणजे कळेल. वाचून माझ्याबद्दल मत वाईट झालं तर ते बरोबरच असेल.

माझ्याकडे जुनी फोर-बाय-फोर जीप आहे. उन्हाळ्यात शहरातली हौशी मंडळी सूर्यमाळच्या जंगलात गाड्या घालतात, अडकतात आणि मला फोन करतात. मग मी दोर लावून गाडी ओढून काढतो. गेल्या मे महिन्याच्या सुरुवातीला असाच फोन आला. दुपारचे दोन वाजले असतील. खोडाळ्यापर्यंत सगळं ठीक होतं, पण सूर्यमाळचा मातीचा चढ लागला तसा टेम्परेचरचा काटा लाल खुणेला जाऊन टेकला. एका मोठ्या मोहाच्या झाडाजवळ थांबून बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या खालच्या पाइपाची क्लिप ढिली झालेली, पाणी गाडीखाली. क्लिप आवळायला दोन मिनिटं लागली. मागचा पाण्याचा कॅन उचलला तर तो रिकामा! कॅन भरून ठेवत जा म्हणून गिऱ्हाइकांना लेक्चर देणारा मीच.

वीसेक पावलांवर, मोहाखालच्या सपाट दगडावर एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, कळशी होती. तोंडावर पळसाची पानं, शेजारी चुंबळ.

इथे थोडं सांगायला हवं. तिथल्या पाड्यावरच्या बाया उन्हाळ्यात खालच्या ओहोळात खड्डा खणतात आणि झिरपणारं पाणी वाटीवाटीने भरतात. एका कळशीला तास जातो. दोन कळशा एकदम चढावर झेपत नाहीत, म्हणून एक झाडाखाली ठेवायची, दुसरी घरी पोचवायची आणि मग परत येऊन ही न्यायची. ठेवलेल्या कळशीला कुणी हात लावत नाही. तहानलेला गुराखीसुद्धा बाई येईपर्यंत थांबतो. हे मला कुणी शिकवायला नको. मी साखरशेतचा, माझी आई असंच पाणी आणायची.

इंजिन गार व्हायला मी अर्धा तास थांबलो. म्हणजे विचार करायला माझ्याकडे अर्धा तास होता. हाक मारून कळशीवाल्या बाईला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही, कारण ती नाही म्हणाली असती तर...? अडकलेल्या गिऱ्हाइकाचा फोन सारखा वाजत होता. शेवटी कळशी आणली आणि रेडिएटरमध्ये ओतली. रिकामी कळशी दगडाशेजारी जमिनीवर आडवी टाकली, पानं इकडेतिकडे केली. हे मी केलं.

बॉनेट लावतोय तोवर दोघी आल्या. म्हातारी सासू पुढे, मागे सून. तिच्या पाठीला झोळीत तान्हं मूल. मला कुणी काही विचारायच्या आधीच मी बोललो की आत्ताच इथून शेळ्या गेल्या, त्यांनीच पाडली असेल.

सासूने सुनेला फैलावर घेतलं. कळशीला खालून टेकण लावायची अक्कल नाही, दिवसभराचं पाणी घालवलं, असं बरंच काही. सून, तिचं नाव लखमी, दगडापाशी उभी राहून खाली बघत होती. मग तिने एकदा माझ्याकडे बघितलं, रिकामी कळशी उचलली आणि त्या उन्हात पोरासकट परत ओहोळाकडे उतरली. मी जीप चालू केली. काटा एकदम जागेवर होता.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तिकडे जायचं होतं. ह्या वेळी कॅन भरलेला, पाइप नवा, क्लिप नवी. मोहापर्यंत गाडी मस्त आली आणि मोह मागे पडला तसा काटा सरळ लालवर गेला. थांबलो, खाली वाकलो. जमीन कोरडी. पाइप कोरडा. इंजिन गार झाल्यावर फडकं धरून झाकण काढलं तर रेडिएटर जवळपास रिकामा. माझ्या कॅनवर लिटरच्या खुणा आहेत. बरोबर सात लिटर पाणी लागलं.

मग मी माझ्या पद्धतीने मागे लागलो. रेडिएटरचं झाकण बदललं, थर्मोस्टॅट बदलला, वॉटर पंप बदलला. प्रेशर लावून रात्रभर ठेवलं, प्रेशरचा काटा तसूभर हलला नाही. हेड गॅस्केट फाटून पाणी इंजिनात जातंय म्हणावं तर ऑइलमध्ये पाणी नाही, पांढरा धूर नाही. जव्हारचा घाट मी मागे पिकअप बांधून चढलो, काही झालं नाही. सूर्यमाळच्या मोहापाशी मात्र पुन्हा तेच. जमीन कोरडी आणि सात लिटर.

शेवटी नाशिकहून उस्तादांना बोलावलं. ज्यांच्या हाताखाली मी पाना धरायला शिकलो ते. सत्तरीचा माणूस, बोलतात कमी. शेजारी बसवून नेलं. मोह मागे पडला, काटा चढला. उस्ताद ह्या वयात गाडीखाली आडवे झाले, सगळीकडून हात फिरवला आणि हाताकडे बघत बसले. हात कोरडा होता.

"पाणी असं जात नाही," ते म्हणाले. "तू इथे काही केलं होतंस का?"

मी म्हटलं, नाही. गुरूसमोर सहज नाही म्हणालो.

त्या रात्री झोप लागली नाही. भीती वाटत होती असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण खरं सांगतो, लाज वाटत होती. मला सारखी आई दिसत होती, चढावर, डोक्यावर कळशी घेतलेली.

दुसऱ्या दिवशी पाण्याचे दोन मोठे कॅन भरून मोहाच्या अलीकडे असलेल्या त्यांच्या पाड्यावर गेलो. लखमी अंगणात नाचणी पाखडत होती. सासू ओट्यावर होती. मुद्दाम दोघींसमोर सांगितलं की शेळ्या नव्हत्या, पाणी मी घेतलं, हिची काही चूक नव्हती.

लखमीने सूप खाली ठेवलं.

"माला तवाच समजला होता, दादा," ती म्हणाली. "शेळीनं सांडला असता त जमीन ओली जाली असती. जमीन कोरडी होती."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तिने खांदे उडवले. "तुमची गाडी बंद पडली होती ना. मागितला असता त दिला असता."

ती आत गेली, तीच कळशी घेऊन आली आणि माझ्या कॅनमधून भरून घेतली. काठोकाठ, एक थेंब न सांडता. कॅनच्या खुणांवर बघितलं, बरोबर सात लिटर कमी झालं होतं. मी म्हटलं, सगळं तुझ्यासाठीच आणलंय. ती म्हणाली, "एकच होती." सासूने शेजारच्या बायांना हाका मारून उरलेलं वाटून टाकलं. लखमीने पुन्हा कळशी पुढे केली नाही.

तिथून निघून मी गाडी मोहापर्यंत नेली आणि अगदी हळू त्याच्या पुढे काढली. काटा हलला नाही. त्यानंतर डझनभर खेपा झाल्या असतील, एकदाही हलला नाही. मधल्या त्या तीन खेपांत एकवीस लिटर पाणी गेलं कुठे, ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणा जाणकाराकडे असेल तर सांगा, मी मनापासून ऐकेन.

परवा उस्तादांचा फोन आला होता. अजून त्यांच्या डोक्यातून ते जात नाही. दोष सापडला का, म्हणून विचारत होते.

मी म्हटलं, क्लिप ढिली होती.