नामाभाऊंच्या पातीतला तारा

माझं अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकेल. चौथीनंतर हातात लेखणी राहिली नाही, माफ करावं. आई, तुला वाचता येत नाही, म्हणून तर मोकळेपणी लिहिते.

आष्टीहून निघाले तेव्हा मोटारीच्या खिडकीतून तू शिदोरी दिलीस आणि म्हणालीस, "खाली मान घालून राहजो बाई. कोनाच्या मधात बोलू नोको." मी तशीच राहिले. वर्ध्याला लागून बोरगाव मेघ्यात आमची एक खोली. शेजारणीनं हाक मारली तर दाराआडून उत्तर द्यायची. तुमच्याकडे माझ्या हसण्याला ओरडा बसायचा, इथं हसायचं कुणाबरोबर?

हे वर्ध्याच्या कॉलेजात चपराशी. इथल्या माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात रशियानं कुत्रीला बसवून सोडलेला उपग्रह आभाळात फिरत होता. शास्त्राचे सर सांगत, वर अगदी विरळ हवा असते, ती त्याला घासते, म्हणून त्याची फेरी दिवसेंदिवस लवकर संपते. वेळ नेमकी टिपली की तिथं हवा किती ते कळतं. माणूस न जाता वरची हवा मोजायची! मला फार नवल वाटलं. पण सरांना जाड भिंगाचा चष्मा, त्यांना तो दिसेना. हे बोलून गेले, "सर, आमच्या घरची कापसातली काडी दुरून पाह्यते." झालं, मला कॉलेजच्या गच्चीवर नेलं.

संध्याकाळी सरांनी आभाळ वाटून दिलं. शेतात निंदताना जशी प्रत्येकीला आपापल्या ओळींची पात मिळते, तशी. शेजारची पात प्रयोगशाळेतल्या नामाभाऊंची. थोड्या वेळानं एक तारा चालत आला, न लुकलुकता, भरभर. पण नामाभाऊंच्या पातीत. दुसऱ्याच्या पातीत हात घालायचा नसतो. मी माझ्याच पातीत बघत राहिले. तो दिसेनासा झाला तेव्हा नामाभाऊ मान चोळत म्हणाले, "आज काई आला नाई बुवा." सरांचा चेहरा उतरला. "आता थोडेच दिवस. मग तो जळून जाईल."

वाटेत मी यांना खरं सांगितलं. हे सायकल थांबवून रस्त्यातच हसत सुटले. "अवं, मंग बोलली काऊन नाई?"

"त्याहिची पात होती."

"आभायात कोनाची पात राह्यते का?"

मला मात्र जेवण गेलं नाही. सरांची संधी माझ्यामुळे हुकली होती. पुढच्या तीन संध्याकाळी ढग. चौथ्या दिवशी आभाळ निवळलं, आणि तारा आला तो पुन्हा शेजारच्याच पातीत! मग कशी कोण जाणे, मी किंचाळले, "नामाभाऊ, तुमच्या डोक्शावर!"

सरांनी घड्याळाची कळ दाबली. वेळ मिळाली. नामाभाऊ म्हणाले, "वयनी, तुमाले तोंड आहे त!" सगळी गच्ची हसली, मीसुद्धा.

सर तक्ता भरू लागले. पाहणाऱ्याचं नाव, वेळ, गाव.

"गाव कोणतं, बाई?"

"आष्टी."

"माहेर नाही हो विचारत. पाहताना उभ्या कुठं होतात? गाव चुकलं तर सगळं गणित चुकेल."

आई, वाईट वाटून घेऊ नको. "वर्धा लिहा," मी म्हटलं. तीन वर्षांत ते गाव पहिल्यांदाच माझं म्हणून तोंडात आलं, आणि गोड लागलं.