नवरदेवाच्या जागी दादा

आधी कप खाली ठेवा. मागच्या खेपेला हा किस्सा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला आणि शिव्या मला पडल्या. गाढवपणा मी जन्मभर केला, पण भरल्या कार्यालयात, मोठ्या पडद्यावर, एकदाच!

आमचं दुकान दर्यापूरला. म्हणजे दादाचं. दादा मोशन ग्राफिक्स करायचा. गावात लोक त्याला 'हलते फोटोवाला' म्हणत. लग्नाची पत्रिका, बारसं, दुकानाचं उद्घाटन, काहीही द्या. कागदावर मुकाट पडलेली अक्षरं दादाच्या हाताखाली गेली की चालायला लागायची. दोन महिन्यांपूर्वी दादा गेला. ताप आला, चार दिवस राहिला आणि जाताना त्याला घेऊनच गेला.

आणि मी? नववीत शाळा सोडलेला. एका जागी बसणं माझ्या अंगातच नाही. दादा सांगायचा, "हे पाह्य छोट्या, अक्षर निघतांना हळू निघालं पाह्यजे, थांबतांना हळू थांबलं पाह्यजे. झटक्यानं थांबलं की डोळ्याले खुपते."

"लोकं कुठं येवढं पाहतात, दादा?"

"पाहत नाहीत. पण खुपते."

आणि स्वतः झटक्यानं थांबला. जाऊ द्या.

तर आईनं माझ्याजवळ एकच गोष्ट मागितली. "त्यानं साऱ्या तालुक्याचे व्हिडिओ बनवले. त्याचा एक बनवून दे मले. मोबाईलमंदी पाह्यतो."

एवढंच! पण होईना हो. सतरा वेळा केला, सतरा वेळा पुसला. फुलं टाकली तर खोटी वाटायची. काळी पट्टी टाकली तर मलाच बघवेना. बसायचो, उठायचो, पाणी प्यायचो, शटर अर्धं खाली ओढायचो, परत वर करायचो. फोटो मात्र पक्का केला होता. कौंडण्यपूरच्या यात्रेतला, निळा शर्ट, पोट धरून हसणारा दादा. शेजारी मी होतो, मी मला कापून टाकलं. माझा हात तेवढा त्याच्या खांद्यावर राहून गेला, मनगटातल्या कड्यासकट. तो कापायला गेलो तर दादाचा खांदा जात होता. ठेवला.

आता थोडं धंद्यातलं ऐका, नाहीतर पुढचं कळणार नाही. व्हिडिओच्या फाईलीत फोटो नसतो, फोटोचा नुसता पत्ता असतो. दादानं सगळ्या कामांसाठी एकच पत्ता ठेवला होता. एक फोल्डर, त्यात 'मुख्य' नावाचा एक फोटो. नवरदेव आला की तो 'मुख्य', बाळ आलं की ते 'मुख्य'. कोणताही व्हिडिओ तयार करायला लावा, तो त्याच दारावर जाऊन आत जो बसला असेल त्याला उचलून आणणार. म्हणून दादा प्रत्येक व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहून मगच द्यायचा.

पाहून द्यायचं, हे तेवढं मी शिकलो नव्हतो.

त्या दिवशी 'मुख्य'च्या घरात दादा बसलेला. आणि सकाळी आठला गजूमामांचा फोन. गजूमामा म्हणजे अंजनगावचं गिऱ्हाईक, मामा नुसतं म्हणायचं, दादाला त्यांनी कधी पाहिलेलंही नव्हतं; त्यांच्या भाचीचं त्याच दिवशी अकोल्याला लग्न. कार्यालयात पडद्यावर लावायचा व्हिडिओ मी दोन दिवस आधीच करून पाठवला होता.

"अबे, मोठ्या जावयाचं नाव राह्यलं ना! रुसून बसले ते. चहा घेऊन नाही राहिले!"

"टाकतो मामा. दहा मिनिटात."

"अन् घेऊन ये इकडं. फोनवरचं काही जमून नाही राह्यलं इथं."

फाईल उघडली, जावयाचं नाव टाकलं, जरा ठळकच टाकलं, व्हिडिओ तयार केला, पेन ड्राइव्हमध्ये घेतला आणि अकोल्याच्या काळी-पिवळी टॅक्सीत बसलो. पाहिला का? नाही पाहिला! बसवत कुठं होतं मला?

कार्यालयात पोचलो, पेन ड्राइव्ह दिला आणि सरळ पंगतीत बसलो. पहिला घास तोंडात, तेवढ्यात सनई वाजली. पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या. सोनेरी चौकट. 'चि. निखिल' अशी अक्षरं झोकात आली. आणि चौकटीत हळूच, अगदी हळूच, डोळ्याला न खुपता, कोण आलं?

माझा दादा! पोट धरून हसत!

मी मान ताटात घातली.

"हा कोन?" वरपक्षातून पहिला आवाज.

"नवरदेव बदलला काय?" एक म्हातारे. "आधीच्यापक्षा बरा दिसते."

रुसलेले जावई उठले. "मी तं सांगतच होतो! पोरीची पह्यली सोयरीक मोडली होती म्हने. हाच असन तो!"

"अन् खांद्यावर हात कोनाचा?"

"दोस्ताचा! मुद्दाम लावला व्हिडिओ, लग्न मोडाले!"

गजूमामा घामाघूम होऊन मला शोधत पंगतीत आले. मी पोळीचा तुकडा मोडत होतो. मामांची नजर माझ्या मनगटावर. कडं! मग पडद्यावर. तेच कडं! त्यांनी माझा हात धरला आणि सगळ्यांसमोर वर केला.

"हात तं याचा हाय!"

आता सांगा, चोर इतका पक्का कधी पकडला गेला असेल? पडद्यावर पुरावा, ताटावर चोर.

जावयांनी थेट नवरीलाच बोलावलं. "प्रणाली, खरं सांग. ओयखतं का याले?"

तिनं पडद्याकडं पाहिलं. "हो."

निखिलचा फेटा डोळ्यावर आला.

"हे तं दर्यापूरचे दादा. माह्या ताईच्या लग्नाचा व्हिडिओ त्याहिनंच केला होता. माहं नाव राह्यलं म्हनून मी रडलो, तं त्याहिनं ताईच्या नावाच्या बाजूले माहं नाव नाचत आनलं होतं." ती माझ्याकडं वळली. "कुठं हायत ते? आले नाहीत?"

मी उभा राहिलो. हाताला वरण लागलेलं.

"गेला तो."

"कुठं गेला? पुण्याले?" ते मघाचे म्हातारे.

"नाही, आजोबा." मी वरणाचा हात विजारीला पुसला. "दोन महिने झाले. मी भाऊ त्याचा. चूक माझी हाय. फोटो बदलवाचा राह्यला."

लग्नाच्या मांडवात गेलेल्या माणसाचा फोटो, तोही नवरदेवाच्या चौकटीत! मला वाटलं, आता मार पडणार. पडला असता तर बरं वाटलं असतं. मामांनी व्हिडिओवाल्या पोराला हात केला, "बंद कर ते!"

"थांबा!" जावई ओरडले.

पडद्यावर तेव्हाच, सोनेरी अक्षरात, जरा जास्तच ठळक, त्यांचं नाव आलं होतं.

"राहू द्या," जावई मोबाईल काढत म्हणाले. "पोरगं काही वाईट नाही दिसत. अन् नाव तं बराबर आलं ना माहं. मांगं घे रे जरासा, फोटो काढाचा हाय."

तो व्हिडिओ आणखी तीन वेळा चालला. तीन वेळा पाकळ्या पडल्या, तीन वेळा दादा हसत आला. मग जावयांनी चहा घेतला आणि लग्न लागलं.

संध्याकाळी घरी गेलो. आईला कोणीतरी तोवर व्हिडिओ पाठवलाच होता. ती ओसरीत मोबाईल डोळ्यांजवळ धरून बसलेली. मी चपलाही काढल्या नाहीत.

"आई, ते चुकीनं झालं. पुसून टाक. तुह्यावाला मी नीट बनवून देतो."

तिनं मोबाईल पदराखाली घेतला. "हात नको लावू. कसा नवरदेवावानी आला पाह्य. अन् तुहा हातही हाय त्याच्या खांद्यावर." पुन्हा लावला. "हाच पाह्यजे मले."

"पन आई, चुकलेला हाय तो!"

"मंग असंच चुकत जाय."

आई आहे, तिचं ऐकावं लागतं. त्याच संध्याकाळी दादाला त्या घरातून काढून निखिलला परत 'मुख्य' केलं, खरा व्हिडिओ करून मामांना पाठवला. आणि परवा घाईघाईत एक बारसं करून दिलं. न पाहता.

पाळण्यात फेटा बांधून, मिशांसकट, निखिल झोपला होता.