गच्चीवर ठेवलेल्या बावीस बाटल्या

मामांनी नोकरीभर कोल्हारच्या बाजूच्या एका डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून काम केलं. आज गाळलेलं स्पिरिट उद्या टँकरमध्ये आणि परवा कुणाच्या तरी पोटात. स्वतः त्यातला थेंबही घेतला नाही. निवृत्त होऊन नगरच्या सावेडीत बंगला बांधला, मामी गेल्या, आणि त्यांना एकच नाद उरला. फ्रान्सची पांढरी वाइन निवडून आणायची आणि प्यायची नाही. वर्षानुवर्षं ठेवायची.

मी त्यांच्याकडे राहून दारूबंदीचं काम करायचे. ‘दारू ती दारूच’ हे पत्रक माझंच. त्यात एक ओळ होती, गरिबाची ती दारू आणि साहेबाची ती वाइन, ही फसवणूक थांबवा. ती ओळ मी मामांच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिली होती. त्यांनी चष्मा पुसून वाचली आणि ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका काढून दिल्या.

थंडीत पुण्याच्या विक्रेत्याची यादी यायची. मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसेना, तेव्हा वाचायचं काम माझ्याकडे आलं. “या दारूबंदी मंत्रीणबाई, नाक मुरडा आणि वाचा,” असं म्हणून ते डोळे मिटून बसायचे. जिच्यापुढे ‘लगेच पिण्याजोगी’, ‘मऊ’, ‘फुलांचा सुवास’ असं लिहिलेलं असे, ती पहिल्या झटक्यात बाद. त्यांना आंबट हवी. आंबटपणा हाच कणा, तो नसेल तर पाच वर्षांत बाटलीची चव मरते, असं त्यांचं म्हणणं. बर्गंडीच्या नामवंत वाइनबद्दल त्यांना संशय होता. त्यातल्या काही वेळेआधीच तपकिरी पडतात आणि का ते कुणी धड सांगत नाही, हे त्यांच्यातल्या केमिस्टला खपायचं नाही. त्यापेक्षा तिथल्याच उत्तर टोकाची शाब्ली बरी, अल्सासची रीसलिंग बरी. गोडातली घ्यायची तर साखरेला तोलणारं आम्ल किती ते आधी विचारायचं.

पण जीव होता ल्वार नदीकाठच्या व्हूव्रेवर. शेनिन ब्लाँ द्राक्षाची. कोवळी असताना कच्चं सफरचंद सालीसकट चावावं तशी, आणि बारा-पंधरा वर्षांनी मध, मेण, भाजलेला बदाम. “असं म्हणतात,” हे ते दर वेळी जोडायचे, कारण मुरलेली व्हूव्रे त्यांनी कधी चाखलीच नव्हती. अठ्ठावन्नाव्या वर्षी, फक्त त्या सालचं हवामान वाचून, त्यांनी तिची एक बाटली निवडली होती. उघडायची सत्तरीला. दुसऱ्यांनी पिकवलेलं आपण नुसतं गाळत आलो, आपल्याला निवड जमते का ते एकदा कळू दे, एवढीच त्यांची इच्छा.

आइस्क्रीमच्या बंद पडलेल्या दुकानातून आणलेला डीप फ्रीझर, त्याला नवीन थर्मोस्टॅट, आत कायम तेरा अंश. बुचं सुकू नयेत म्हणून सगळ्या बाटल्या आडव्या. लाइट गेली की इन्व्हर्टर.

ते सत्तर पूर्ण करणार होते त्या मे महिन्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस पुण्याला गेले. त्याच आठवड्यात मिरजगावच्या पुढच्या एका गावातल्या बाया मोर्चासाठी नगरला येणार होत्या, मुक्काम आमच्या बंगल्यात. गावातलं देशी दारूचं दुकान बंद करा, ही मागणी. ती रास्तच होती, आजही माझं मत तेच आहे. पण फ्रीझर उघडून कुणी पाहिलं तर? मी बावीस बाटल्या टोपल्यांत भरून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन ठेवल्या. दोन दिवसांचा तर प्रश्न, असं स्वतःला सांगितलं.

बाया दोन दिवसांनी गेल्या. मी मात्र निवेदनं, पत्रकं, तहसील यांत अडकले. खरं सांगायचं तर विसरले नव्हते. रोज आठवायचं आणि रोज वाटायचं, वाइनच तर आहे. आठव्या दिवशी मामांचा निघाल्याचा फोन आला तेव्हा मी वर धावले. खोलीत पाऊल ठेववेना. बाटल्या हाताला गरम लागत होत्या. मी त्या होत्या तशा फ्रीझरमध्ये लावल्या आणि गप्प बसले.

वाढदिवसाला सकाळी त्यांनी व्हूव्रे काढली. नव्या डोळ्यानं बाटली उजेडात धरली. बूच वरच्या पातळ पत्र्याच्या टोपीला आतून ढकलून वर आलं होतं, गळ्याशी चिकट ओघळ. मग त्यांनी एकेक करून सगळ्या पाहिल्या.

“किती दिवस तापल्या या?”

मी दोन म्हणाले.

“दोन दिवसांत एवढं होत नाही, पोरी.”

मग सांगितलं सगळं. ते रागावले नाहीत, रागावले असते तर मला भांडता आलं असतं. व्हूव्रे उघडून त्यांनी ग्लासात ओतली. रंग चहाच्या पाण्यासारखा. एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, “वाईट आहे. पण मी वाईट निवडली की तू वाईट केलीस, हे आता कसं कळणार?”

पुढे मी त्या गावी गेले तेव्हा मोर्चाच्या म्होरक्या बाईला हे बोलून दाखवलं. वाटलं, निदान ती माझी बाजू घेईल. तिनं भाकरी थापता थापता विचारलं, “पिऊन कुनाला मारलं का मामानं? घर इकलं? न्हाई ना. मग आमाला कशाला भ्यालीस? आमाला काय कळत न्हाई व्हय?” बायांच्या अकलेवर माझा विश्वास नव्हता, आणि पत्रकं मात्र त्यांच्याच नावानं निघत होती.

व्हूव्रे उघडली त्याच दुपारी मामा म्हणाले, बाकीच्याही गेल्या, ओतून टाकू. मोरीत मी ओतायला बसले, ते दारात खुर्ची टाकून. गावोगाव मी दारू ओतली आहे, घोषणा देत, फोटो काढत. इथे मी पहिली बाटली तशीच उलटी करायला गेले तर त्यांनी हात वर केला.

“आधी नाव वाच. साल वाच. मग ओत.”

मी वाचत गेले. शाब्ली, अमुक साल. ते म्हणाले, हिला अजून चार वर्षं होती. रीसलिंग. हिला सहा. मोरीत मधाचा आणि शिजलेल्या सफरचंदाचा वास भरला. दहाबारा बाटल्यांनंतर ते वर्षं सांगायचे थांबले. मी नाव वाचायचे, ते मान हलवायचे, आणि मान हलली की मी ओतायचे.