ब्रेकातली हवा

तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. हसा बापा! पण आधी हातातला चहा खाली ठेवा, नाहीतर अंगावर सांडाल. कारण मी जो बावळटपणा केला, तसा सौंसर तहसिलीत कोणी केला नसेल. पांढुर्ण्यात तर नाहीच नाही.

राज्यांची नवी मांडणी झाली, त्या सुमाराची गोष्ट. तेव्हा सगळ्यांच्याच डोक्यात गोंधळ होता. तोवर आमचं सगळं नागपूरला. कचेरी नागपूरला, मोठा दवाखाना नागपूरला, लग्नाचा शालू नागपूरचा. आणि एक दिवस समजलं, की नागपूर गेलं मुंबईकडे अन् आपण राहिलो मध्यप्रदेशात, राजधानी भोपाळ! आमचे बाबा सकाळी उठले की विचारायचे, "काबे, आज आपण कोठं आहो?"

मी म्हणायचो, "खाटेवरच आहो, बाबा."

तर मी तेव्हा बिनलग्नाचा. घरी संत्र्याचा बगीचा. संत्री पांढुर्ण्याच्या स्टेशनावर न्यायला एक जुनी पिकअप होती, लढाईनंतर लिलावात निघालेली. इंजिन वाघासारखं! ब्रेक मात्र जुन्या पद्धतीचे, लोखंडी दांड्यांचे. पायडल दाबलं की दांड्या ओढल्या जायच्या, अन् दांड्यांच्या मनात आलं तर चाकं थांबायची. थांबायचं असलं की मी दोन शेतं आधीच पायडलवर उभा राहायचो. उभा म्हणजे खराच उभा, डोकं छताला लावून!

अशा गाडीत बसून मी पांढुर्ण्याला मुलगी पाहायला गेलो.

मुलगी काळबांडे गुरुजींची, नाव विमल. गुरुजी दारात नमस्कार करून उभे. मी पायडलवर उभा. मी गाडीतून नमस्कार केला, गाडी गुरुजींच्या समोरून गेली, त्यांच्या शेजाऱ्याच्या दारासमोरून गेली, अन् पुढच्या वाडीतल्या कडब्याच्या गंजीत शिरून थांबली. मला बाहेर ओढून काढलं तेव्हा माझ्या कानातही कडबा होता. तशाच अवतारात मी पोहे खाल्ले. मुलगी आली, पण ती हसू दाबण्यात इतकी गुंतली होती की मला तिचा चेहरा काही नीट दिसला नाही.

चार दिवसांनी निरोप आला, "मुलगा चांगला आहे. पण थांबत नाही."

आता काय करता? मी ठरवलं, ब्रेकच बदलायचे! माझा दोस्त नामदेव, त्याला सोबत घेतलं अन् गाडी नागपूरला मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीनं दांड्या काढून फेकल्या अन् तेलाचे ब्रेक बसवले. पायडल दाबलं की बारक्या नळीतून तेल चाकापर्यंत जाते अन् चाक जागच्या जागी धरते. नुसत्या अंगठ्यानं दाबा, गाडी उभी!

निघताना मिस्त्री म्हणाला, "एक ध्यानात ठेवा, भाऊ. पायडल नरम लागलं, भसकन खाली गेलं, तर समजा हवा शिरली. हवा काढून टाकायची. मग ब्रेक दगडासारखा."

एवढं ऐकलं अन् मी समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेलो. मला वाटलं, संपलं सांगणं. नामदेव तिथंच उभा राहिला. त्याला चहा सोसत नाही.

इकडं मध्यस्थानं मोठ्या खटपटीनं जमवून आणलं. शनिवारी गुरुजी घरच्यांना घेऊन जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला येणार. मी त्यांना तिथून गाडीत घ्यायचं अन् पांढुर्ण्याला घरी सोडायचं. म्हणजे गुरुजी स्वतः बसून ब्रेक पाहतील. गाडी थांबली तर लग्न, नाही तर जय बजरंगबली!

मी गाडी धुतली, मागं सतरंजी अंथरली अन् सौंसरहून निघालो. जामसांवली जवळ आली, पायडल दाबलं, तर ते लोण्यात बोट जावं तसं खाली गेलं! कशीबशी मंदिराच्या अलीकडं चढावर गाडी थांबवली. अन् तेवढ्यात गुरुजी समोर!

"थांबली न?" गुरुजी.

"थांबली! पण जराशी हवा शिरली आहे. आत्ता काढतो."

मिस्त्रीचे शब्द पाठ होते, भाऊ! हवा काढून टाकायची. आता तुम्हीच सांगा, गाडीत हवा कुठं असते? चाकात! अजून कुठं असते? मी खाली बसलो, पुढच्या चाकाच्या नळीचं टोपण काढलं अन् आतल्या पिनेवर काडी दाबून धरली. सूंऽऽऽ! वर जाऊन पायडल पाहिलं. नरमच. दुसऱ्या चाकाची काढली. तरी नरम! मागच्या दोन्हीची काढली.

मागं सतरंजीवर विमल अन् तिची आई येऊन बसल्या होत्या. मला विमलचा आवाज ऐकू आला, "आई, हे चाकाची हवा कायले सोडून राहिले वो?"

"चूप बस. मोटरवाले आहेत, त्यायले समजते."

गुरुजीही विचारात पडले होते. पण शाळेत विज्ञान शिकवायचे. थोडा वेळ डोळे मिटून उभे राहिले, मग म्हणाले, "बरोबर आहे! हवा कमी म्हणजे चाक जमिनीवर जास्त टेकणार. जास्त टेकलं म्हणजे घर्षण जास्त. वा! नागपूरच्या मिस्त्रीचं डोकं!"

आता एवढा शिकलेला माणूस हो म्हणतो म्हटल्यावर मला जोर आला. मागं स्टेपनी लटकली होती. म्हटलं, शंका कायला ठेवता? तिचीही हवा काढली.

अन् निघालो!

गाडी चालली, पण कशी? भदाक, भदाक, भदाक! गुरुजींचे शब्द तोंडातच तुटून राहिले होते. मी ॲक्सिलेटरवरून पाय उचलला, अन् गाडी जागच्या जागी उभी! ब्रेकला हातही नाही, म्हणजे पायही नाही!

"अरे वा!" गुरुजी ओरडले. "पुन्हा करा!"

पुन्हा केलं. पुन्हा उभी! पुढं नदीकडं उतरणारा रस्ता लागला. पूर्वी या उतारावर मी देवाचं नाव घ्यायचो. आता पहिल्या गिअरात इंजिन बोंबलत होतं, तेव्हा कुठं गाडी उतार उतरत होती! गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वामनराव, असे ब्रेक मी जन्मात पाहिले नाहीत."

खरं सांगतो, त्या वेळी मला मांडव दिसून राहिला होता.

अन् मग बोनेटमधून वाफ निघाली. गाडी फुसफुसली, हलली अन् जी बसली ती बसलीच. मी पुढं ढकललं, गुरुजींनी ढकललं, विमलच्या आईनंही पदर खोचून ढकललं. हलायचं नाव नाही!

"हे ब्रेक सुटत कसे?" गुरुजींनी विचारलं.

मला काय माहीत? मिस्त्रीनं लागायचं सांगितलं होतं, सुटायचं नाही.

एवढ्यात मागून पांढुर्ण्याची मोटर आली अन् थांबली. सगळे उतारू खाली उतरले, तमाशा पाहायला. त्यात कोण असावं? नामदेव!

"काय झालं बे?"

"काही नाही. ब्रेक जरा जास्तच लागले. मिस्त्रीनं सांगितल्यासारखी हवा काढली न."

नामदेवानं चाकांकडं पाहिलं. मग स्टेपनीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. अन् तो रस्त्यातच बसला.

"अबे वामन्या! हवा तेलाच्या नळीतली काढायची होती! चाकामागं बारका नट असते, तो ढिला करायचा, पायडल दाबायचं, तेलासोबत बुडबुडे निघतात. मिस्त्रीनं मले सारं करून दाखवलं. तू कोठं होता?"

मी कुठं होतो? मी टपरीवर दुसरा कप सांगत होतो!

सगळी मोटर हसली, गड्या! ड्रायव्हर हसला, उतारू हसले, एक बाई तर बकरी हातातून सोडून हसली. मी गुरुजींकडं पाहायची हिंमत केली नाही. पण गुरुजी स्वतःच इकडं तिकडं पाहून राहिले होते. घर्षणाचं ते बोलले होते न! त्यांनी मुकाट्यानं धोतर वर खोचलं, मोटरवाल्याचा पंप घेतला अन् हवा भरायला लागले. पाळीपाळीनं सगळ्यांनी भरली. नामदेवानं नट ढिला करून बुडबुडे काढले, मिस्त्रीनं गाडीत ठेवून दिलेल्या बाटलीतलं तेल वरून ओतलं, रेडिएटरमध्ये नदीचं पाणी घातलं. पायडल खरंच दगडासारखं झालं.

मग काय, नामदेव मागं चढला अन् आम्ही झोकात पांढुर्ण्याला आलो. गुरुजींचं घर दिसलं. अन् मी, सवयीचा गुलाम, दोन्ही पायांनी पायडलवर उभा राहिलो!

गाडी थांबली. आम्ही थांबलो नाही. माझं कपाळ काचेवर, गुरुजींची टोपी बाहेर बोनेटवर, अन् मागं सतरंजीसकट सगळे एकमेकांच्या अंगावर. पण गाडी बरोबर दारासमोर होती, हे कोणीही कबूल करेल.

गुरुजी बोनेटवरची टोपी उचलून घरात गेले. मी अन् नामदेव बाहेर ओट्यावर बसलो. माझ्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. मनात म्हटलं, गेलं स्थळ.

आतून गुरुजींचा आवाज आला, "पोरी, तूच सांग आता. माझं डोकं चालून नाही राहिलं."

मग विमल म्हणाली, "समजत तर त्यायले काहीच नाही, बाबा. पण सांगितलं का ऐकतेत. मले चालते."

मी ताठ बसलो. नामदेवाला कोपरानं ढोसलं अन् हळूच म्हटलं, "पाहा बे, तारीफ करून राहिली!"