शेवंता विचारायची...

शेवंताच्या जावेचा, सुमनचा फोन आला तेव्हा मी पाटोद्याच्या बाजारात मेथीची जुडी उलटसुलट करून बघत होते. "शिस्टर, आक्का गेली वो," एवढंच ती म्हणाली, आणि मग बराच वेळ नुसता वस्तीवरचा गलका ऐकू येत राहिला... दुपारी भाकर खाल्ली, लिंबाखाली जरा आडवी झाली आणि उठलीच नाही. पन्नाशी नुकती ओलांडलेली. शेवंताला जाऊन आता महिना होऊन गेला. रडून झालं. आताशा तिची आठवण आली की आधी हसूच येतं.

मी नर्स. शिरूर कासार तालुक्यातल्या एका उपकेंद्रात माझी बरीचशी नोकरी झाली. गावाबाहेर माळावर भिल्लांची वस्ती होती. दिवाळी सरली की सगळी वस्ती ऊस तोडायला निघून जायची, ती उन्हाळा लागल्यावर परतायची. गावातल्या बायका उपकेंद्रात येऊन बाकावर ऐसपैस बसायच्या. वस्तीवरच्या बायका मात्र दारापर्यंत यायच्या आणि माघारी फिरायच्या. त्यांना कुणी अडवलेलं नव्हतं, पण 'आत ये' असंही कुणी म्हटलेलं नव्हतं. शेवंता आली तीही दारातच उभी राहिली. उंच, सावळी, कपाळावर गोंदलेलं. तिशीही झालेली नसेल. मी आत बोलावलं तर बाकावर न बसता माझ्या टेबलाजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "शिस्टर, पिशवी काढल्यावर बाईला काय व्हतं?"

ऊस तोडणाऱ्या बायकांमध्ये तेव्हा हे चाललेलंच होतं, आजही पुरतं थांबलेलं नाही. पाळीच्या दिवसांत उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचं, पाणी लांब, आडोसा नाही. पोट दुखलं, अंगावरून जायला लागलं तरी सांगायचं कुणाला? शेवटी दुखणं फारच वाढलं की एखाद्या खासगी दवाखान्यात नेत. तिथं सांगत, गर्भपिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमालाही ते सोयीचं होतं. बाई पाळीसाठी खाडा करणार नाही, म्हणून तो ऑपरेशनला उचल द्यायचा, मागाहून मजुरीतून कापून घ्यायच्या बोलीवर. शेवंतालाही असंच सांगितलं होतं. दिवस ठरला होता, आणि मधल्या वेळात ती चालत माझ्याकडे आली होती.

"तुला कावून वाटलं इचारावं म्हणून?" मी तिच्याच बोलीत म्हटलं.

"दोन पोरं झाली त्या पिशवीत," ती म्हणाली. "त्यो डॉक्टर म्हणला, आता तिचं काय काम हाय? म्हणलं, काम न्हाई म्हणून काढायचं, तर मग म्या तरी कावून ऱ्हायचं?"

मी तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी नीट तपासलं. पिशवीला काही झालेलं नव्हतं. आतून संसर्ग होता, औषधानं बरा होणारा. गोळ्या मात्र नवरा-बायको दोघांनी घ्यायच्या, नाहीतर दुखणं परत येणार. शेवंतानं सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरबाईंना विचारलं, "म्हंजी पिशवी माझी, पण दुखणं दोघांचं?" डॉक्टरबाई हसल्या, म्हणाल्या, "अगदी बरोबर."

तिचा नवरा बाळू गोळी घ्यायला तयार नव्हता. "मला काय झालंय? बाईच्या दुखण्याची गोळी म्या गिळू का?" म्हणत तो वस्तीभर फिरला. शेवंतानं भांडण केलं नाही. जवारीची भाकर, ठेचा त्याच्यासमोर ठेवायची आणि ताटात भाकरीवर गोळी. गोळी बाजूला सारली की ताट उचलून घ्यायची. दोन वेळा उपाशी राहिल्यावर बाळू एका सकाळी उपकेंद्रात येऊन माझ्यापुढं उभा राहिला. "द्या बाई, तुमीच द्या. घरात लई जुलूम चाललाय." पुढं कित्येक वर्षं तो मला भेटला की स्वतःच हा किस्सा सांगून हसायचा.

सुमनलाही, तिच्या या धाकट्या जावेलाही, तसाच त्रास होता. शेवंता तिला चार-चारदा सांगत होती, चल शिस्टरकडं. सुमन लाजायची. त्या वर्षी शेवंता भावाच्या लग्नाला माहेरी गेली आणि तेवढ्यात सुमनच्या नवऱ्यानं तिला नेऊन ऑपरेशन करून आणलं. शेवंता परतली तेव्हा मी वस्तीवरच होते, सुमनचे टाके बघायला. मला वाटलं, आता आभाळ फाटेल. पण शेवंता सुमनच्या उशाशी बसली, तिच्या केसांतून हात फिरवत राहिली... सुमन भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आक्का, तू रागावली का?" शेवंता म्हणाली, "न्हाई गं. तू घाबरली व्हतीस. म्या जवळ नव्हते." एवढंच. बाहेर येऊन मात्र तिनं पदर तोंडात धरला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

जखम पुरती भरायच्या आत सुमनला ऊस तोडायला जावं लागलं. त्या सबंध हंगामात शेवंतानं सुमनला मोळी उचलू दिली नाही. स्वतःची टाकून यायची आणि मग तिची न्यायची. ऑपरेशननंतर सुमनला बरं वाटायचं सोडून कंबर धरली, अंगाची आग व्हायची, रात्र रात्र झोप नाही. अजून पोरीसारखी दिसणारी बाई म्हाताऱ्या बाईसारखी गुडघे धरून उठायची.

पुढच्या हंगामाआधी मुकादम वस्तीवर आला. बायका जमलेल्या होत्या. तो नेहमीप्रमाणं म्हणाला, ज्यांना त्रास हाय त्यांनी पिशवी काढून मोकळं व्हा, उचल देतो. शेवंता उठून उभी राहिली आणि अगदी अदबीनं म्हणाली, "मुकादम, एक इचारू का? तुमच्या मालकिणीची काढली का पिशवी?"

मुकादमाचा चेहरा उतरला. "तिचं काय इथं?"

"न्हाई, चांगली गोष्ट हाय म्हणता, तर आधी घरी केली असल, म्हणून इचारलं."

बायका पदराआड हसायला लागल्या. आणि मग कुणाला वाटलं नव्हतं ते झालं. सुमन उठली. सगळ्यांसमोर कधी तोंड न उघडणारी सुमन म्हणाली, "मला इचारा. माझी काढलीय. म्या सांगते काय व्हतं ते." तिनं सगळं सांगितलं. मुकादम केव्हा निघून गेला, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर बायका यायला लागल्या. शेवंता पुढं, सुमन तिच्या मागं, आणि त्यांच्यामागं तीन-चार जणी. उपकेंद्राच्या बाकावर त्या बसायच्या, मोठमोठ्यानं बोलायच्या. सगळ्याच ऑपरेशनपासून वाचल्या असं नाही. काहींना ऑपरेशन खरंच लागलं, ते सरकारी दवाखान्यात झालं, आणि घरच्यांनी त्यांना विश्रांतीही दिली, कारण शेवंता दारात बसलेली असायची. काही जणी आम्हाला न सांगताच जाऊन आल्या. शेवंता त्यांच्याही घरी जायची, भाकरी थापून द्यायची.

तिला स्वतःला मुलगी हवी होती. झाली. काजल जन्मली तेव्हा मीच होते. नाळ कापून पोर तिच्या छातीवर ठेवली, तशी ती घामाघूम झालेल्या तोंडानं म्हणाली, "बघा शिस्टर, त्यो डॉक्टर म्हणत व्हता काम न्हाई!" काजल आता बीडला कॉलेजात शिकते. आईसारखीच उंच आहे, आणि आईसारखीच बोलणं मध्येच तोडून प्रश्न विचारते.

दहाव्यानंतर मी वस्तीवर गेले. बाळू ओट्यावर बसला होता. "चांगली जगली वो," तो म्हणाला, "माझ्यापेक्षा चांगली जगली." सुमननं चहा ठेवला. कप घेऊन मी घरामागं गेले, तिथं शेवंतानं बांधून घेतलेली न्हाणी आहे. ऊसतोडीवर उघड्यावर, अंधारात घाईनं अंग धुवायचा तिला फार कंटाळा होता. म्हणून ऊसतोड सोडली त्या वर्षी तिनं आधी न्हाणी बांधली, मग घराला दुसरी खोली काढली. विटांच्या चार भिंती, पत्र्याचं दार, आतून घट्ट लागणारी कडी. वस्तीतल्या कुठल्याही बाईनं यावं, निवांत न्हावं, कुणी दार वाजवायचं नाही, असा तिचा नियम होता. मी गेले तेव्हा दार बंद होतं. आत कुणीतरी सुनबाई अंगावर तांब्यानं पाणी ओतत होती, मध्येच थांबून काहीतरी गुणगुणत होती. बाहेर दगडावर दुसरी एक पोरगी खांद्यावर कपडे टाकून, पाय हलवत वाट बघत बसली होती. मी विचारलं, "लई वेळ लागतोय का गं तिला?"

"लागू द्या की," ती म्हणाली. "घाई कशाची?"