मोरीत बसवलेली पायरी

ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्याचं कुणी कौतुक केलं की माझं डोकं सणकतं. "काय सुंदर रस्ता काढलाय हो!" काढलाय म्हणे. त्या रस्त्याच्या पोटात आमची घरं आहेत.

मुळशीचं धरण झालं तेव्हा आमचं गाव पाण्याखाली गेलं. माझा जन्म त्यानंतरचा, डोंगरावर सरकलेल्या नव्या वस्तीतला. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की खालचं गाव उघडं पडायचं. भिंती नाहीत, छपरं नाहीत, नुसती दगडी जोती. वस्तीतलं प्रत्येक घर आपापल्या जोत्यावर जायचं. बाया दारातल्या पायरीवरचा गाळ धुऊन तिला हळदकुंकू लावायच्या. गाव सोडताना लोकांनी देव उचलून वर आणले, पण पायऱ्या तिथंच ठेवल्या. पायरी हलली की घर मेलं, असं आमच्यात मानतात. आमच्या पायरीवर कमळ कोरलेलं होतं, त्याची एक पाकळी उडालेली. आई त्याच पायरीवरून नवरी म्हणून आत गेली होती आणि दोन वर्षांत पाणी आलं म्हणून बाहेर पडली होती.

मी तेरा-चौदा वर्षांची असताना रस्त्याचं काम निघालं. श्रमदानाचे दिवस होते ते. ओव्हरसियर वस्तीवर आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "जुन्या गावाचा घडीव दगड द्या, अंगमेहनत करा. रस्ता तुमच्या वस्तीवरूनच नेतो."

आबांना, माझ्या वडिलांना, ते लगेच पटलं. आदल्याच वर्षी माझी थोरली बहीण बाळंतपणात अडली होती. तिला झोळीत घालून डोंगर उतरत होते, ती वाटेतच गेली.

"जोतं न्या," आई म्हणाली, "पायरीला हात लावू नगा."

"रस्ता आला की झोळीत कुणी मरायचं न्हाई," आबा म्हणाले. "पायरी घिऊन काय करायचंय?"

लेक गमावलेल्या बाईनं यावर काय बोलावं? मग अख्ख्या वस्तीनं आपल्याच हातांनी आपली घरं उकरली. मीही डोक्यावर चुंबळ ठेवून दगड वाहिले. आमची पायरी बैलगाडीत चढवताना मीसुद्धा हात लावला, आणि त्याची मला अजून चीड येते.

पावसाळा संपला आणि रस्त्याच्या आखणीच्या खुंट्या डोंगराच्या वरच्या सोंडेवर गेल्या. तिथं पुण्याच्या कुणा बड्या माणसाचा बंगला होत होता. आमच्या वस्तीपासून रस्ता दोन कोस लांब राहिला. ओव्हरसियर म्हणाला, "वरूनच बदललं, माझ्या हातात काही नाही." दगड मागताना मात्र सगळं त्याच्या हातात होतं!

पुढं दोन-तीन वर्षांनी आई तापानं फणफणली. पुन्हा तीच झोळी. दोन कोस चालून आम्ही रस्त्यावर आलो आणि ट्रकची वाट बघत तिला ओढ्यावरच्या मोरीपाशी टेकवलं. तिनं कठड्याला हात लावला आणि बराच वेळ तो दगड चाचपत राहिली. मी वाकून बघितलं. कमळ होतं, एक पाकळी उडालेली.

"कुक्कू न्हाई आणलं गं," आई म्हणाली.

आबांनी मान फिरवली.

ट्रक मिळाला, आई वाचली. ती उठून बसली त्या दिवशी आबा पहार घेऊन निघाले. मी मागोमाग गेले. त्यांनी पायरीच्या सांध्यात पहार घातली तोच रस्त्याचा मुकादम धावत आला आणि त्यांच्या हातातून ती हिसकावून घेतली.

"सरकारी दगड चोरतोस?"

आमची पायरी तिथंच होती, हाताच्या अंतरावर. आणि आबांनी, माझ्या बापानं, त्या माणसापुढं हात जोडले. "चुकलं साहेब," म्हणाले.