न गळणारं पाणी

दुपारचं जेवण अंगावर आलं की डोळे आपसूक मिटतात. मी हेरंबच्या खोलीत फरशीवर आडवी झाले आहे. शेजारी त्याचा संगणक कुशीवर पडला आहे, एका बाजूचा पत्रा काढलेला. बाहेर आई भांडी लावते आहे. आवाज जवळ येतो, लांब जातो, पुन्हा जवळ येतो. माझ्या मुठीत एक स्क्रू आहे आणि झोप लागली तरी तो मला सोडायचा नाही.

संध्याकाळी रणधीर हे यंत्र न्यायला येणार आहे. हेरंब माझा धाकटा भाऊ, रणधीर त्याचा भागीदार. राधानगरीच्या जंगलातल्या एका गव्यावर दोघांनी संगणकावर चित्रपट करायला घेतला होता. गवा हेरंबचा. त्याच्या अंगावरचा केस न् केस हेरंबने घडवला, आणि ते केस हलवताना संगणक असा तापायचा की पंखे त्याला पुरेनात. मग आम्ही भावंडांनी त्याला पाणी जोडलं. एक छोटा पंप, नळ्या, आणि पाणी निववणारा रेडिएटर, मोटारीत असतो तसाच, पण वहीएवढा. तो धरायच्या लोखंडी पट्ट्या मी उद्यमनगरातल्या आमच्या आबांच्या कारखान्यात कापून आणल्या. यंत्र गार राहिलं.

हेरंबला डेंग्यू झाला तेव्हाही रणधीर फोनवरून तारखा सांगत होता, आणि आम्ही घरातले घसा फोडत असताना हा वेडा तापात यंत्रापुढे बसत होता. यंत्राला पाणी होतं, माझा भाऊ मात्र तापला तो तापलाच. त्या तापातच तो गेल्यावर रणधीरने पुण्यात एका महोत्सवात अर्धा चित्रपट दाखवला. मी सभागृहात होते. कल्पना रणधीरची, चित्रं रणधीरची, दिग्दर्शन रणधीरचं. हेरंब शेवटी आभारांत, जेवण पुरवणाऱ्याच्या खाली. आता उरलेला अर्धा करायला त्याला यंत्र हवं आहे आणि भोळ्या आईने न्या म्हणून शब्द देऊन टाकला आहे.

रेडिएटर बसवताना नवशिके हमखास एक चूक करतात, स्क्रू लांब घेतात. तो पट्टीतून आरपार जाऊन आतली पाण्याची पातळ वाट फोडतो. लगेच कळत नाही. थेंब थेंब गळत राहतं आणि मग एके दिवशी सगळं जळतं. तीन स्क्रू मी आखूड लावले आहेत. चौथा, हा मुठीतला, लांब आहे. रणधीरच्या घरात, त्याच्या डोळ्यांदेखत हे जळावं. हेरंबचा गवाही त्यात जाईल, जाऊ दे. परक्याच्या नावाने जगण्यापेक्षा बरा.

"सरक की जरा," हेरंब म्हणतो.

मी सरकते. तो मांडी घालून बसतो, तीच निळी अर्धी चड्डी, विस्कटलेले केस. मी त्याच्या कपाळाला हात लावते. कपाळ गार आहे. एवढ्यानेच मला रडू येतं, आणि तो नेहमीसारखा वैतागतो.

"काय करालीस आक्का?"

"बघ की. स्क्रू."

"लांब हाय तो."

"ठाऊक आहे."

तो हसतो. हे त्याचं चांगलं हसू नाही. लहानपणी कुणाची खोड जिरवायची असली की हे हसू यायचं, आणि मग आईकडे तक्रारी. फरशी मऊ लागते म्हणून मी खाली बघते तर लाल गालिचा आहे. आम्ही पुण्याच्या त्या सभागृहात बसलो आहोत, यंत्र आमच्या दोघांच्या मांडीवर, आणि मंचावर रणधीर. हेरंब मला विचारतो, यंत्र जळल्यावर पुढे काय होईल. मी म्हणते, रडेल तो. आणि मग काय, हेरंब विचारतो, आणि हनुवटीने मंचाकडे खूण करतो.

रणधीर खरंच रडतो आहे. माझ्या मित्राची शेवटची आठवण जळाली, असं तो माईकवर सांगतो आहे. चित्रपट होतच आला होता, पण नशिबापुढे कुणाचं चालतं. लोक डोळे पुसतात. मग टाळ्या, त्या दिवशीपेक्षा मोठ्या. माझ्या पुढच्या खुर्चीतली बाई उठून उभी राहते.

"आयती सबब द्यालीस त्याला," हेरंब म्हणतो.

तेलाचा वास येतो. हा कारखानाच आहे. लेथ बंद आहे आणि त्याच्यामागे भिंत असायला हवी तिथे धरणाचं पाणी पसरलं आहे. काठाच्या चिखलात गवा उभा आहे, हेरंबचा, केस न् केस वाऱ्यावर हलणारा. त्याने पुढचा एक पाय उचलला आहे आणि तो खाली टेकत नाही.

हेरंब पान्हा पुसत बोलतो. रणधीरला गव्याचा पाय उचलता येत नाही, म्हणतो. एवढं अंग पायांवर कसं तोलायचं, ते त्याला कधी जमलंच नाही. अर्ध्या चित्रपटात गवा चालतो, ती चाल हेरंबची. पुढच्या अर्ध्यात त्याला पळायचं आहे.

"यंत्र धडधाकट दे त्याला. कुरकुरसुद्धा करायची न्हाई असं. बसू दे पुढ्यात."

"आणि तुझं नाव?"

"गवा पळंना झाला की लोकच इचारतील, मग आधी चालवत कोण हुता?"

काठावर रणधीर पाठमोरा बसला आहे. तो बोट हलवतो, गवा पाऊल टाकायला जातो आणि कपाटासारखा आडवा होतो. पुन्हा उभा, पुन्हा आडवा. आम्ही दोघं हसतो, पोट दुखेस्तोवर, अगदी वाईट हसतो. हेरंब गेल्यापासून मला इतकं बरं वाटलेलं नाही.

मग तो लांब स्क्रू माझ्याकडून काढून घेतो, चौथा आखूड हातात ठेवतो आणि उस्तादासारखा कामाला लावतो. एकच स्क्रू एकदम पुरता पिळू नको, समोरासमोरचे थोडे थोडे आवळ. पंपाखाली रबर सरळ कर, नाहीतर घरघरेल. नळीला पीळ पडलाय तो काढ. मी आवळते, तो बॅटरी धरतो. माझा राग कुठेही गेलेला नाही, उलट प्रत्येक आट्याबरोबर तो नीट बसतो आहे. पट्टी हलवून बघते. हलत नाही.

आबांच्या कारखान्यात नट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून पट्टीवर तांबड्या रंगाची एक रेघ ओढत. नंतर कुणी नट फिरवला तर रेघ तुटते आणि चोरी उघडी पडते. हेरंब डब्यात बोट बुडवतो आणि चारही स्क्रूंवर रेघा ओढतो.

"आता त्याला म्हणायला जागा न्हाई, की ढिलं हुतं."

मी म्हणते, अजून थोडा बस. पण तो पाण्यात उतरला आहे, गव्याच्या शिंगाला धरून, आणि पाण्यावर दारावरची घंटा वाजते.

घंटा वाजतेच आहे. आई दार उघडते. रणधीर खोलीच्या उंबऱ्यात उभा आहे, हळू आवाजात विचारतो, "आक्का, सगळं नीट बसलंय ना?" मला आक्का म्हणायचा हक्क याला कुणी दिला, देव जाणे.

मी उठून बसते. मूठ रिकामी आहे. यंत्राचा पत्रा अजून उघडाच आहे.

"एक थेंब गळायचा नाही," मी म्हणते. "हलवून बघ. उद्या गवा पळाला नाही, तर यंत्राला दोष देता येणार नाही तुला."

तो हसतो, मग हसू आवरतं घेतो. वाकतो, रेडिएटरची पट्टी धरून हलवतो. ती हलत नाही. हात बाहेर काढतो तर त्याच्या बोटावर तांबडा रंग आहे, ओला. तो पँटला पुसतो. पँटला डाग पडतो, पण बोटाचा रंग निघत नाही.